कापडाला हात लावू द्या

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी अकरा मुलींचे पांढरे कुर्ते शिवायचे होते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शिवण हा माझा विषय नाही, माझी हौस आहे. बारावीच्या सुट्टीत अम्मीने आपल्या हातमशीनवर बसवले, तेव्हा लागलेले हे वेड आज पंचेचाळिशीतही सुटलेले नाही. त्यामुळे शाळेत शिवणाचे काही निघाले की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात.

सगळ्या मुलींच्या घरची परिस्थिती सारखी नाही. कुणाचे अब्बा केळीच्या गाड्या भरतात, कुणाची अम्मी चार घरची भांडी घासते. वर्गणी दोनशे रुपयांच्या वर न्यायची नाही असे ठरले. म्हणजे बावीसशे रुपयांत बावीस मीटर सुती कापड, दोरा आणि गळ्याची लेस बसवायची. ‘हायवेला नवीन मोठं सेलचं दुकान झालंय, तिथं स्वस्त मिळेल,’ असे प्रत्येकाने सांगितले. मी गेले.

तीन मजली दुकान, आत एसी. दुसऱ्या मजल्यावर कापडाची पाकिटे विटांसारखी रचलेली. पाकीट प्लॅस्टिकचे, चारी बाजूंनी बंद. वर चिकटवलेली चिठ्ठी: ‘प्युअर कॉटन, २ मीटर, १५८ रुपये.’ मी तिथल्या मुलाला म्हणाले, ‘बेटा, एक उघडून दाखव ना.’ तो म्हणाला, ‘मॅडम, पाकीट फोडलं की घ्यावं लागेल.’ नमुन्याचा तुकडा? नाही. पन्हा किती? ‘नेहमीचाच असतो, मॅडम.’ मी प्लॅस्टिकवरून बोट फिरवले. प्लॅस्टिकवरून प्लॅस्टिकच हाताला लागते. तरी मी अकरा पाकिटे उचलली, १७३८ रुपये मोजले आणि खूश होऊन घरी आले. इतकी वर्षे शिवतेय आणि तरी फसले, हे आधीच कबूल करते.

रात्री पाकिटे उघडली. टेप लावला. एकही तुकडा दोन मीटर भरला नाही. सगळ्यांत मोठा १ मीटर ९२ सेंटिमीटर, सगळ्यांत लहान १ मीटर ८१. अकरांची बेरीज २० मीटर ५५. म्हणजे दीड मीटरला पाच सेंटिमीटर कमी. अख्ख्या एका मुलीचा कुर्ता जवळजवळ गायब. त्यात दोन्ही टोके तिरपी कापलेली. मग संशय आला म्हणून काठाचा एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि गॅसवर नेला. सुताचा धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली की राख भुरभुरते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. ‘प्युअर कॉटन’मध्ये पॉलिस्टर भरपूर होते.

आता पुढचे ऐका. या मुली स्टेजवर दुआ म्हणणार होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात पेटती मेणबत्ती असणार होती. सुती कापडही पेटते, हे मला कळते. पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. त्या रात्री मी धागा जाळून पाहिला नसता तर ‘सुती आहे’ या भरवशावर अकरा लेकरांना तेच कापड घालून ज्योतीजवळ उभे केले असते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परत दुकानात. बिलावर खाली छापलेले होते: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मॅनेजर सभ्य होता, खुर्ची दिली, पाणी विचारले. मग हसून म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही घरीच तर शिवताय. हौसेचं काम आहे. थोडं ॲडजस्ट करून घ्या.’

हा लेख मी त्या वाक्यासाठी लिहीत आहे. पैशांचे सोडा, ते मी माझ्या पाकिटातून भरले.

हौसेचे काम आहे, म्हणून माप कमी चालेल. हौसेचे काम आहे, म्हणून खोटे नाव चालेल. असे कोणत्या बाजारात असते? हौसेने भजी तळणाऱ्याला दुकानदार पाऊण किलो बेसन देऊन एक किलोचे पैसे घेतो का?

या ‘हौशी’ बायका आहेत तरी कोण, ते माझ्या गल्लीतच बघा. समोरच्या खाला दर ईदला गल्लीतल्या गरीब मुलींचे फ्रॉक शिवतात, एक पैसा घेत नाहीत. शेजारच्या लेवा पाटलांच्या काकू नातवंडांसाठी दुपटी आणि झबली शिवतात. बी.ए.ला असलेल्या दोघी बहिणी मोबाइलवर बघून कळीदार कुर्ता शिकत आहेत. एसटीतून निवृत्त झालेले एक चाचा आपला पठाणी स्वतः बेततात आणि त्याबद्दल कुणाचे ऐकून घेत नाहीत. यातल्या कुणाच्याही दारावर ‘लेडीज टेलर’ अशी पाटी नाही. पण हौस आणि रोजी यांच्यातली भिंत आमच्याकडे फार पातळ आहे. नवऱ्याचे काम सुटले, कुणी आजारी पडले, कुणी तलाक देऊन मोकळा झाला, की कालची हौसेची मशीन आज घराची चूल पेटवते. आज ज्या मुलीने पहिला कुर्ता बेतला आणि कापड तिरपे निघाल्यामुळे तो अंगात एका बाजूला फिरला, तिला वाटते चूक आपलीच. ती मशीनवर कापड झाकते आणि पुन्हा बसत नाही. मी अशा तीन मुली तरी पाहिल्या आहेत. त्यांना शिवता येत होते. त्यांना दिलेले कापडच खोटे होते.

तयार कपडा घेणाऱ्याचे नुकसान कपड्यापुरते असते. शिवणाऱ्याचे तसे नाही. वाईट कापडाबरोबर तिच्या दोन रात्री जातात, डोळे जातात, दोरा-अस्तर जाते आणि आत्मविश्वासही जातो. म्हणून कापडाबद्दल तिला जास्त खरे सांगितले गेले पाहिजे. मोठ्या सेलच्या दुकानात तिलाच सगळ्यांत कमी सांगितले जाते.

कापड विकताना चार गोष्टी सांगाव्या लागतात. या चारही गोष्टी आता गायब होत चालल्या आहेत.

पहिली, नाव. धागा कोणता आणि किती? ‘कॉटन’, ‘कॉटन फील’, ‘सॉफ्ट कॉटन’, ‘कॉटन सिल्क’ हे शब्द आज इतके ढिले झाले आहेत की त्यांच्यात काहीही मावते. गिरणीच्या कापडावर कोणता धागा किती टक्के ते छापावे, असा केंद्र सरकारचा १९८८ पासूनचा नियम आहे. ताक्याच्या काठावर ते छापलेले असायचे. ताक्याचे तुकडे करून पाकिटात भरले की काठावरचे अक्षर कुठे गेले, कुणी विचारत नाही.

दुसरी, पन्हा. पन्हा न सांगता मीटरचा भाव सांगणे म्हणजे खोलीची रुंदी न सांगता लांबी सांगून घर विकणे. वर्गात मी मुलींना हे गणित घातले होते. एक कापड ९९ रुपये मीटर, पन्हा ३६ इंच. दुसरे ११५ रुपये मीटर, पन्हा ४४ इंच. स्वस्त कोणते? सगळा वर्ग ओरडला, ‘पहिले!’ मग चौरस मीटर काढायला लावले. पहिले पडले सुमारे १०८ रुपये, दुसरे १०३. महाग दिसणारे स्वस्त निघाले. शिवणारीला हे आणखी जास्त लागते, कारण ३६च्या पन्ह्यात बाह्या बाजूला बसत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी लांबी घ्यावी लागते. आणि आता तर किलोने कापड विकायची टूम निघाली आहे. किलोवर विकले की पन्हाही नको आणि मीटरही नको. भाजी घेतल्यासारखे कापड घ्या आणि घरी जाऊन नशीब उघडा.

तिसरी, लांबी. टेबलावर खिळे ठोकून कापड ताणून मोजायचे, ही जुनी खोड आहे. तिला बंद पाकिटाने नवा पडदा दिला. शिवाय सुती कापड पहिल्या पाण्यात आटते. शंभराला पाच आटले तरी अडीच मीटरमागे साडेबारा सेंटिमीटर गेले. आमच्या अम्मी कापड आणले की रात्रभर पाण्यात भिजवत, सावलीत वाळवत आणि मगच कात्री लावत. मूळ मापच मारलेले असेल तर आटायला उरते काय?

चौथी, काप. कापडाला उभा आणि आडवा धागा असतो. आडव्या धाग्याला धरून कापले नाही तर कुर्ता धुतल्यावर पिळवटतो, शिवण पोटावरून पुढे येते. जुने दुकानदार सुती कापडाला कात्रीची नुसती चीर देत आणि फाडत. फाडलेले कापड धाग्याला धरूनच जाते. सेलच्या पाकिटातला तुकडा तिरपा असतो. तो सरळ करायला दोन्ही टोकांची चार-चार बोटे कापून टाकावी लागतात. त्या कापून टाकलेल्या चिंधीचे पैसेही आपणच दिलेले असतात.

जुन्या दुकानाचे गोडवे गायला मी बसलेले नाही. जुने दुकान म्हणजे पांढरी गादी, मागे ताक्यांची भिंत आणि गल्ल्यावर शेठ. तो आधी आपल्या चपला बघायचा आणि मग कोणता ताका खाली काढायचा ते ठरवायचा. बुरख्यातली बाई आली की पोऱ्याला सांगायचा, ‘सस्तेवाला दिखा.’ मी कॉलेजात असताना अम्मीबरोबर गादीवर बसून हे ऐकले आहे. दहा ताके उलगडले आणि काही घेतले नाही तर तोंड वाकडे व्हायचे. भाव माणसागणिक बदलायचा. सेलच्या दुकानाने यातून सोडवले, हे मान्य केले पाहिजे. तिथे भाव छापलेला असतो. तिथे कुणी चपला बघत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींच्या अम्मी तिथे तास-तास फिरतात, काही न घेता बाहेर येतात, आणि त्यांना कुणी टोकत नाही. हे स्वातंत्र्य छोटे नाही.

पण त्या स्वातंत्र्याच्या बदल्यात आपला हात काढून घेतला गेला. गादीवरचा शेठ माणूस बघून भेदभाव करायचा, पण ताका पुढ्यात टाकायचा. आपण कापड चुरगळून बघायचो, उजेडात धरायचो, ओल्या बोटाने रंग घासून बघायचो, दोन बोटांत पोत तपासायचो. आपल्याला चपला न बघणारे दुकान हवे आहे आणि उलगडलेला ताकाही हवा आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकत नाहीत, असे कुणी ठरवले?

हे सगळे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात घडले असते तर मला एवढा राग आला नसता. हा कापसाचा जिल्हा आहे. आम्ही पिंजारी. माझे दादा, म्हणजे आजोबा, धनुकलीने कापूस पिंजत आणि गावोगाव गाद्या-रजया भरत फिरत. चिमटीत कापूस ओढून ते त्याच्या धाग्याची लांबी सांगत. आमचे फैजपूर अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर आहे. या रस्त्याने पूर्वेला जा, बऱ्हाणपूर लागते. सतराव्या शतकात तावेर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी तिथून गेला आणि तिथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशियापर्यंत जाते असे लिहून गेला. ते कापड विणणाऱ्यांत मोमीन होते. तिथे आजही मोमीनांच्या घरात माग चालतात. तिकडे मालेगाव. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या अन्सारी विणकरांनी ते गाव मागांचे गाव केले. धुळ्यातही माग आहेत. अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावला खान्देश मिल होती. जळगावच्या मिलच्या जागेवर आज व्यापारी संकुल उभे आहे. आणि त्याच रस्त्याने पश्चिमेला जा, तुम्ही सुरतेच्या वाटेला लागता. सुरत ही देशातली कृत्रिम धाग्याच्या कापडाची सर्वांत मोठी पेठ. सुरतेच्या कापडाशी माझे भांडण नाही. शरारा, दुपट्टा, लग्नाचा घागरा यांना ते शोभते आणि मीही वापरते. माझे भांडण आहे ते पॉलिस्टरवर ‘कॉटन’ची चिठ्ठी चिकटवण्याशी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो. त्या उन्हात बुरख्याच्या आत खोट्या ‘कॉटन’चा कुर्ता घालून बस स्टँडवर उभे राहून बघा, मग मॅनेजरला ‘ॲडजस्ट’ या शब्दाचा अर्थ विचारा.

आणि फैजपूर म्हणजे नुसते केळीचे गाव नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन इथे झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी मंडप सजवला होता, आणि तिथल्या खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले होते. मी खादीचा प्रचार करत नाही. माझ्याकडे खादीच्या दोनच साड्या आहेत. पण कापूस कुणाचा, सूत कुणाचे, माग कुणाचा हे कापड घेणाऱ्याला कळले पाहिजे, हा विचार याच मातीत मांडला गेला. आज त्याच मातीतल्या बाईला पाकिटावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेव म्हणतात.

आता आपल्या घरातले बोलू. हे लिहिले की काही जण म्हणतील, ‘मोठ्या शेठ लोकांची दुकानं आहेत, आपल्याला लुटतात.’ थांबा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आपल्याच मोहल्ल्यांत जे सेल लागतात, तिथे काय वेगळे असते? तीच बंद पाकिटे, त्याच चिठ्ठ्या, वर बिलही नाही. दुकानाच्या कपाळावर ‘माशाअल्लाह’ आणि आत मीटरला नव्वद सेंटिमीटर. कुरआनातल्या एका सूरहचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे, सूरह मुतफ्फिफीन. ती आपण लहानपणी पाठ केली. आणि हदीसमधला तो प्रसंग आठवा. पैगंबरसाहेब बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात आणि आत ओल लागते. विक्रेता म्हणतो, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध तोडला. मला या प्रसंगातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ढिगात घातलेला हात. त्या ढिगात हात घालता आला, म्हणून ओल कळली. बंद पाकिटात हात जात नाही. ज्याला आपण हलाल तिजारत म्हणतो, तिची सुरुवात गिऱ्हाइकाचा हात मालापर्यंत पोहोचू देण्यापासून होते. कफनाचे कापड देताना आपले दुकानदार चार बोटे जास्तच सोडतात. मेलेल्याला पुरे माप देणाऱ्यांनी जिवंत लेकींनाही द्यावे.

‘टीचर, गरिबाला परवडतं ना, मग कशाला आड येता?’ हा प्रश्न मला शाळेतच विचारला गेला. प्रश्न खरा आहे, म्हणून हिशेबाने उत्तर देते. मी १७३८ रुपयांत बावीस मीटर घेतले. मिळाले साडेवीस. तिरपी टोके कापल्यावर उरले त्याहून कमी. ते कापड मुलींना घालता आले नाही, म्हणून उपयोग शून्य. नंतर सावद्याच्या एका छोट्या दुकानातून ताक्यावरचे सुती कापड घेतले, ९५ रुपये मीटर, २०९० रुपये. बाईने माझ्यासमोर मोजले, फाडले, आणि शेवटी चार बोटे जास्त सोडली. स्वस्ताच्या नादात मला ते ३८२८ रुपयांना पडले. मी पगारदार आहे, भरले. ज्या बाईकडे महिन्याला एकाच कुर्त्याचे पैसे असतात, तिने काय करायचे? गरिबाला स्वस्त हवे असते हे खरे. पण एकदा चुकले की त्याच्याकडे दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नसतात, म्हणून खऱ्या मापाची गरज त्यालाच सगळ्यांत जास्त असते.

आणि मोठे दुकान कायमचे असते, हाही भ्रम आहे. अमेरिकेत जोॲन नावाची कापड आणि शिवणसामानाची साखळी होती, १९४३ साली सुरू झालेली. दुकाने जवळपास आठशे. घरी शिवणाऱ्या बायका तिच्या सवलतीच्या कुपनांची वाट बघायच्या. एका वर्षात दोनदा दिवाळखोरीत गेली आणि २०२५च्या मे महिन्यात तिची सगळी दुकाने बंद झाली. कित्येक गावांत कापडाचे दुसरे दुकानच उरलेले नव्हते. तिथल्या शिवणाऱ्या बायकांना आता हाताने तपासून मीटरभर सुती कापड घ्यायचे तर लांब जावे लागते, नाहीतर पडद्यावरचे चित्र बघून मागवावे लागते. आमच्या तालुक्यातली ताकेवाली दुकाने एकेक करून बंद होत आहेत किंवा रेडीमेडकडे वळत आहेत. उद्या हायवेचे दुकान तोट्यात गेले तर ते शटर ओढून निघून जाईल. मग आपण पन्हा कुणाला विचारायचा?

शिक्षिका म्हणून आणखी एक उदाहरण देते, सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेले. २०२४-२५ मध्ये सरकारने ‘एक राज्य एक गणवेश’ आणले. कापडाची खरेदी वरून आणि शिलाई बचत गटांच्या बायकांकडे. गणवेश उशिरा आले, मापे चुकली, कापडाच्या दर्जाबद्दल राज्यभरातून तक्रारी आल्या. वर्ष संपायच्या आत सरकारला निर्णय फिरवावा लागला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. कापड निवडणारा एक, शिवणारी दुसरी, घालणारे तिसरे, आणि तिघांची गाठभेटच नाही. सरकारी योजनेत काय आणि सेलच्या दुकानात काय, हे तुटले की असेच होते.

आता मागण्या. माझी यादी छोटी आहे आणि तिच्यात कोणत्याही दुकानाला परवडणार नाही असे काही नाही. प्रत्येक प्रकारच्या कापडाचा एक नमुना उघडा ठेवा, ज्याला हात लावता येईल, चुरगळता येईल. चिठ्ठीवर लांबीबरोबर पन्हा आणि धाग्याची टक्केवारी लिहा. दुकानात एक शिक्का मारलेला मीटर गिऱ्हाइकाच्या हाताला येईल असा लटकवा. तुकडा धाग्याला धरून काढा. आणि कापड कमी भरले किंवा नाव खोटे निघाले तर परत घ्या.

शेवटची मागणी ही मेहरबानी नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यावा लागतो. बिलाच्या तळाशी काहीही छापले तरी कायदा त्याने पुसला जात नाही. बंद पाकिटात लिहिल्यापेक्षा कमी माल भरणे हा २००९च्या वैध मापन कायद्याखाली गुन्हा आहे. पाकिटावर भरणाऱ्याचे नाव-पत्ता असलाच पाहिजे, माझ्या अकरा पाकिटांवर तो नव्हता. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. मी मॅनेजरसमोर हे सगळे बोलले नाही, कारण मलाच तेव्हा ते ठाऊक नव्हते. बी.एड. झालेली बाई, आणि ग्राहक म्हणून निरक्षर. घरी येऊन वाचले, तक्रार लिहिली, अकरा तुकड्यांची मापे आणि बिलाची प्रत जोडली आणि पाठवली. उत्तराची वाट बघते आहे.

आपणही काही करू शकतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. टेप पर्समध्ये ठेवा. पन्हा विचारल्याशिवाय भाव विचारू नका. बिल मागा. पाकीट असेल तर दुकानातच, पैसे दिल्या दिल्या, काउंटरवर उघडून मोजा. मागे रांग असेल तर असू द्या. घरी आल्यावर काठाचा एक धागा चिमट्यात धरून, सिंकजवळ उभे राहून जाळून बघा आणि मुलींनाही शिकवा. तिथे कापड खोटे निघाले तर गल्लीत सांगा. आपल्या बायका कोणाच्या लग्नात बिर्याणी कमी पडली ते पाच मिनिटांत सगळ्या गावाला सांगतात. कापडाचे का सांगत नाहीत?

स्नेहसंमेलन झाले. मेणबत्त्यांऐवजी बॅटरीचे दिवे आणले. कुर्ते आदल्या रात्री दीड वाजता पुरे झाले, खाला आणि त्या दोघी बहिणी बसल्या होत्या बरोबर. सेलचे ते तुकडे अजून माझ्या कपाटात आहेत. मी ते वर्गात नेते. एक सुती चिंधी, एक ही. डोळे मिटून हात लावायला सांगते आणि विचारते, खरे कोणते? पहिल्या दिवशी निम्म्या मुली चुकल्या. आता एकही चुकत नाही.